आमचे हे उभे राहिले तेव्हा

“अरे, थांबा की जरा! दोनच मिनिटं! तुमच्याच भल्याचं बोलतोय मी!”

आमचे हे कारखान्याच्या फाटकाबाहेर, उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर उभे राहून कर्ण्यातून ओरडत होते. अंगात मी कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आणि आवाज असा की समोरच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. माणसं मात्र थांबायला तयार नव्हती. सकाळची पाळी सुटली होती आणि सगळे ह्यांच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून बसकडे पळत होते.

मी कामावरून घरी निघाले होते, ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत राहिले. हसू येत होतं आणि कीवही येत होती. पाळी सुटल्यावर कामगार सख्ख्या भावासाठीसुद्धा थांबत नाही. बस चुकली की पुढची कधी येईल त्याचा नेम नसतो. हे काय ह्यांना ठाऊक नव्हतं? सगळं आयुष्य ह्याच लोकांत गेलेलं. स्वतः कधी कुणाचं भाषण ऐकायला थांबले नाहीत. पण माणूस एकदा उमेदवार झाला की त्याला वाटतं, आजपासून लोकांना बसची घाई उरलेली नाही.

तेवढ्यात एक जण थांबला. जाडजूड, मिशाळ वेल्डर होता. ह्यांचा चेहरा असा काही खुलला म्हणता!

“बोला भाऊ, काय प्रश्न आहे तुमचा? अगदी न घाबरता बोला!”

“मेकॅनिक, आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर दणका देते हो. त्या नव्या माणसाला काही सुधरत नाही. जरा बघून जाता का?”

ह्यांनी कर्णा खाली घेतला. “दणका वर जाताना देते की खाली येताना?”

“खाली येताना.”

“आणि आवाज? खर्र करून येतो की टक्कन?”

झालं. उमेदवार खोक्यावरून उतरला. माझा धाकटा भाऊ ह्यांचा प्रचारप्रमुख होता, सल्लागार होता आणि खोकं वाहणाराही तोच होता. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “भावोजी, अहो, मत मागा त्याच्याकडे!” भावोजी तोवर वेल्डरच्या मागोमाग बसमध्ये चढलेसुद्धा. खोकं आणि कर्णा आम्ही भावाबहिणीने घरी आणला.

आता हे निवडणुकीला उभे कसे राहिले, ते सांगते. आमची वसाहत कामगारांची. आठ-आठ मजली इमारती, सगळ्या एका वयाच्या, एका रंगाच्या. लिफ्टा नगरपालिकेच्या, देखभाल एका कंपनीची, आणि कंपनीचा माणूस म्हणजे आमचे हे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, ह्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. मेकॅनिक म्हणतात. वसाहतीतल्या पोरांना तर तेच ह्यांचं नाव वाटतं.

नव्या लिफ्टा बसवणार, असं आमचे नगरसेवक काका दर निवडणुकीला सांगत. काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं तेच निवडून येतात. कुणाच्या घरी मूल झालं की काका हजर. कुणी गेलं की काका हजर. खुर्ची पुढे केली तरी खुर्चीवर बसायचे नाहीत, घरातलं सगळ्यात ठेंगणं स्टूल शोधून त्याच्यावर बसायचे. कामाचं विचारलं की म्हणायचे, “बघू, बोललोय मी वर.” वर म्हणजे कुठे, ते कुणी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीच्या लिफ्टची मोटर जळली. नवी मोटर मंजूर व्हायची तर कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. आठव्या मजल्यावर एक म्हातारा रंगारी राहतो. वसाहतीच्या निम्म्या भिंती त्याने रंगवलेल्या. पायाने अधू झालेला. त्याचा जमिनीला पायच लागेना. दिवसभर खिडकीतून खाली बघत बसायचा. एक दिवस ह्यांना म्हणाला, “मेकॅनिक, मी आता उतरीन तो एकदाच, चौघांच्या खांद्यावरून.” ह्यांचं डोकं फिरलं. तसेच तेलकट कपड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि खिडकीसमोर उभे राहून असे कडाडले की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवडा उलटायच्या आत मोटर आली.

मोटर आली ते बरंच झालं. पण त्या टाळ्यांनी घात केला. ह्यांना त्यांची चटक लागली. जेवताना मध्येच हात वर करून बोलायला लागले. आरशासमोर बोलायला लागले. एकदा न्हाणीघरातून आवाज आला, “आता हे चालणार नाही!” मी घाबरून विचारलं, “अहो, काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही, सराव करतोय.” आणि एक दिवस ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं, “मी उभा राहतोय.”

“कशाला? बसा की, वाढते ना अजून,” मी म्हटलं.

“चेष्टा नाही. काकांच्या विरोधात उभा राहतोय.”

कंपनीने सांगितलं, नोकरी करा नाहीतर निवडणूक लढवा. ह्यांनी चाव्यांचा जुडगा साहेबांच्या टेबलावर आपटला आणि घरी आले. त्यानंतर कितीतरी दिवस ह्यांचा हात सारखा कमरेला जायचा, चाव्या चाचपायला. काही न सापडल्यावर हात तसाच खिशात जायचा. मी भांडले, रुसले, पण ह्यांचं एकच म्हणणं होतं. “अगं, बंगल्यांतले लोक कुणाला का मत देईनात. पण आपली माणसं काकांना मत देतात, ते मला बघवत नाही. ज्यांच्यासाठी मी जन्मभर जिने चढलो, त्यांनी एकदा म्हणावं, हा आमचा माणूस आहे. बाकी मला काही नको.”

मी शर्टाला इस्त्री करून दिली.

घोषणा माझ्या भावाने काढली होती. ‘काका, पुरे आता!’ भिंतीभिंतीवर त्याने ती रंगवली. पोरांना फार आवडली. काका रस्त्याने चालले की पोरं मागून ओरडायची, “काका, पुरे आता!” आणि काका मागे वळून हात हलवायचे. आमच्या ह्यांचं तर काही विचारू नका. कुणी म्हणालं बस फुकट हवी, हे म्हणायचे, देणार. कुणी म्हणालं पगारी सुट्टी वाढवा, देणार. एका बाईने गमतीत सांगितलं, माझा नवरा घोरतो, त्याचं काहीतरी करा. हे जोरात होते, म्हणाले, “करणार!” सगळा जिना हसला. मी घरी म्हटलं, “राज्य चालवायला घेताय, आधी स्वयंपाकघरातला नळ तेवढा गळायचा थांबवा.”

घरोघर फिरतानाही असंच व्हायचं. एका घरी मी बरोबर होते. ह्यांनी दारातच सुरुवात केली, “ताई, इतक्या वर्षांत काकांनी तुमच्यासाठी काय केलं, सांगा बरं?”

ती बाई विचार करून म्हणाली, “माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आले होते.”

“ते झालं हो. पण काम काय केलं?”

“शेवटपर्यंत थांबले होते बिचारे. जेवलेसुद्धा नव्हते.”

जिना उतरताना हे धुसफुसत होते. “अगं, त्या दिवशी म्हातारीला नीट खाली नेता यावं म्हणून मी सकाळपासून गच्चीवर मशीनच्या खोलीत होतो! हातांना फोड आले होते माझ्या! आणि हे गृहस्थ स्टुलावर बसून होते!”

“अहो, मग वरच्या खोलीतला माणूस कुणाला दिसतो? स्टुलावरचा दिसतो.”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काकांची प्रचारक.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तिथे चादरी गरम रुळांमधून निघतात आणि दोघी-दोघी मिळून त्यांच्या घड्या घालतो. एकीने इकडची टोकं धरायची, दुसरीने तिकडची. चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा लांब जायचं. यंत्रांचा आवाज एवढा असतो की लांब असताना काही बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून खरं काय ते घडी जुळते तेव्हा बोलायचं, असा आमचा रिवाज आहे. कितीतरी लग्नं तिथे जमली आणि कितीतरी सासवांची सालपटं तिथे निघाली.

माझी जोडीदारीण आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. सगळे तिला ठेंगणी म्हणतात, तीही स्वतःला ठेंगणीच म्हणते. मतदानाला थोडे दिवस उरले होते. चादर जुळली तशी ती म्हणाली, “वहिनी, खरं बोलू का? राग येईल तुला.”

चादर ताणायला आम्ही लांब गेलो. पुन्हा जवळ आलो.

“आमच्या घरी सगळे मेकॅनिकला मानतात. आमचा माणूस तर म्हणतो, असा माणूस शोधून सापडायचा नाही.”

पुन्हा लांब, पुन्हा जवळ.

“म्हणूनच आम्ही मत नाही देणार.”

माझ्या हातातली टोकं तशीच राहिली. “म्हणजे गं?”

“अगं, तो नवा माणूस बघितलास ना? ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावतो आणि जातो निघून. पाटीच तेवढी छान लावतो. तुझा नवरा हरला तर परत लिफ्टवर येईल. निवडून आला तर गेला की आमच्या हातचा! सासूबाईंचे गुडघे असे, आणि सातवा मजला. मी काय त्यांना पाठीवर घेऊन चढू?”

“आणि काका निवडून आले तर?”

“येऊ देत. काका निवडून आले काय, न आले काय, कुणाचं काय अडतं?”

मला हसू आवरेना. मुकादमीण वळून बघायला लागली तरी आवरेना. ठेंगणीही हसत सुटली. मग घरी जाताना मात्र माझा चेहरा पडला. ह्यांच्या हातात जे होतं, तेच ह्यांच्या आड येत होतं. घरी हे एकदम खूश होऊन बसले होते. “आज सहा जणांनी मला घरात बोलावून चहा दिला,” म्हणाले. मी काही सांगितलं नाही. सांगून ते थोडेच वाईट मेकॅनिक होणार होते?

शेवटची सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्याच इमारतींमधल्या पटांगणात ठेवली होती. ही कल्पना माझी. म्हटलं, लोक फाटकावर थांबत नाहीत ना, मग जिथे ते थांबलेलेच असतात तिथे बोला. बायका कपडे वाळत घालत होत्या, पुरुष दाढी करून उन्हात उभे होते, पोरं सायकली फिरवत होती. माणसं बऱ्यापैकी जमली. ठेंगणी माझ्या शेजारी. त्या म्हाताऱ्या रंगाऱ्यालाही खाली आणून खुर्चीत बसवलं होतं. आणि सगळ्यांच्या मागे, आमच्या इमारतीला लागून असलेल्या बुटक्या कठड्यावर, एकटेच, कोण? काका! प्रतिस्पर्ध्याची सभा ऐकायला आले होते. माझ्या भावाने दात-ओठ खाल्ले.

हे खोक्यावर चढले आणि नेहमीसारखे गरजले. “बंधू-भगिनींनो! आता हे चालणार नाही!” आणि तेवढ्यावर कर्णा बंद पडला. भावाने थापट्या मारल्या, हलवला, काही उपयोग झाला नाही. ह्यांचा घसाही बसलेला. मला वाटलं, आता संपलं सगळं.

मग हे साध्या आवाजात बोलायला लागले, आमच्याशी घरात बोलतात तसे.

“मला भाषण येत नाही. मला लिफ्ट येते. तुमच्यातला कोण कुठल्या मजल्यावर थांबून दम खातो, ते मला माहीत आहे. वरचे दोर कधी बदलायचे होते, तेही मला माहीत आहे. केव्हाच बदलायचे होते. मी ठिगळं लावत आलो. इथला भाग तिथे, तिथला इथे. तुम्ही म्हणता, मेकॅनिक आहे तोवर काळजी नाही. अहो, तिथेच तर सगळं बिघडलंय! मी ठिगळ लावतो म्हणून लिफ्ट चालते. लिफ्ट चालते म्हणून वरचे लोक म्हणतात, चाललंय ना, मग नवी कशाला? काकांना इतकी वर्षं निवडून कुणी आणलं, सांगू? मी आणलं. ह्या हातांनी.”

बायकांनी ओले कपडे तसेच हातात धरले. पुरुष हात खाली घेऊन उभे होते. पोरांनी सायकली थांबवल्या.

“मी काही जन्माला पुरणार नाही. माझेही गुडघे दुखायला लागलेत. मी गेल्यावर तुम्हाला दुसरा ठिगळवाला शोधायचाय, की नवी लिफ्ट हवी आहे?”

ठेंगणीने माझा दंड धरला. “वहिनी, हे बरोबर बोलतायत गं,” ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. पलीकडे तो मिशाळ वेल्डर शेजाऱ्याकडे बघून मान हलवत होता. लोक जरा जरा पुढे सरकायला लागले होते, कुणी न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस निवडून येणार. आणि कसं कोण जाणे, मलाही ते हवंसं वाटलं.

तेव्हाच हाक ऐकू आली. आधी बारीक, मग मोठ्याने. आमच्या इमारतीच्या आतून कुणीतरी पत्र्यावर हात मारत होतं. “अहो, कुणी आहे का? दार उघडा!” आणि तान्ह्या मुलाचं रडणं.

लोकांनी माना वळवल्या, पण हलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी जाईलच. ह्यांचं वाक्य अर्ध्यावर होतं. “म्हणून मी तुम्हाला आज एकच मागतो...” एवढं म्हणून हे थांबले. कान दिला. आणि खोक्यावरून उडी मारून जिन्याकडे धावले.

“भावोजी, वाक्य तरी पुरं करा!” माझा भाऊ मागून ओरडला.

चौथ्या मजल्यावरची नुकतीच बाळंतीण झालेली मुलगी बाळाला घेऊन लिफ्टमध्ये अडकली होती, दोन मजल्यांच्या मधोमध. कंपनीच्या नव्या माणसाला फोन लावला, तर तक्रार नोंदवली आहे म्हणाला. हे सगळे जिने चढून गच्चीवर गेले. चाव्या तर कधीच परत केलेल्या. मशीनच्या खोलीचं कुलूप फोडलं, वीज बंद केली, आणि एका हाताने ब्रेक सोडून दुसऱ्या हाताने मशीनचं चाक हळूहळू फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. वरून ह्यांचा आवाज येत होता, “घाबरू नकोस पोरी! बाळाला छातीशी धर! आलीस, आलीस!” अख्खी सभा जिन्यात उभी होती. दार उघडलं, पोरगी बाळाला घेऊन बाहेर आली, आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला! कचेरीतल्या टाळ्या त्यापुढे काहीच नव्हत्या. हे काळे हात घेऊन खाली आले, तो इस्त्रीचा शर्ट पार गेलेला. मुलीचा नवरा रडत होता आणि हे त्याला समजावून सांगत होते, की दाराचा सांधा नीट जुळत नाही म्हणून लिफ्ट अशी मध्येच थांबते.

सगळ्यात जास्त वेळ टाळ्या काका वाजवत होते. टाळ्या थांबल्यावर काका भाषणबिषण करायला गेले नाहीत. शेजारच्या चार लोकांशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय हात आहे ह्याचा! आणि ह्याला आपण सभागृहात नेऊन बसवणार? तिथे दिवसभर खुर्चीवर बसून कागद उलटावे लागतात हो. मग इथे कोण धावणार?”

बस्स, एवढंच बोलले. मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. एकेक चेहरा मिटत गेला. आत्तापर्यंत जे मनात आलं होतं, ते लोकांनी परत जागेवर ठेवून दिलं. ठेंगणीने माझा दंड सोडला. भावाने खोकं पुन्हा मांडून ठेवलं, पण लोक लिफ्टने आपापल्या घरी गेले. लिफ्ट चालू झाली होती ना!

हे हरले. थोडक्यात नाही, अगदी व्यवस्थित हरले. आमच्या स्वतःच्या इमारतीतही हरले. मी मत ह्यांनाच दिलं, माझ्या भावाने दिलं, आणि त्या रंगाऱ्याने स्ट्रेचरवरून जाऊन दिलं. हे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठायचे, पुन्हा झोपायचे. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता, तो मी फडकं बांधून बंद केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका होते. आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या ओट्याखालचं ठेंगणं स्टूल ओढून त्याच्यावर बसले. म्हटलं, आमच्या घरी कोण गेलं म्हणून हा माणूस असा बसलाय?

हे उठून समोर येऊन बसले. मी चहा केला. करावाच लागतो.

“कंपनीच्या साहेबांशी बोललोय मी,” काका म्हणाले. “सोमवारपासून ये म्हणतायत. राजीनामा धरलेलाच नाही त्यांनी.”

म्हणजे ज्या नोकरीला ह्यांनी लाथ मारली होती, ती काकांच्या एका शब्दाने परत आली होती. लोक काकांना मत का देतात, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. ह्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. मला वाटलं, आता स्टूल उडतं.

“आणि नव्या लिफ्टा?” ह्यांनी विचारलं.

“बघू. बोललोय मी वर.”

काकांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, “एक सांगतो, बाहेर बोलू नकोस. इतक्या निवडणुका लढलो, पण मी फक्त एकदा घाबरलो. त्या पटांगणात. कर्णा बंद पडल्यावर तू जे बोललास ना, ते आणखी थोडा वेळ बोलला असतास, तर मी घरी बसलो होतो.”

हे म्हणाले, “पण ती पोरगी हाका मारत होती.”

“हो. सगळ्यांच्या आधी मलाच ऐकू आल्या. मी इमारतीला टेकून बसलो होतो.”

“मग उठला का नाही तुम्ही?”

“म्हटलं, बघू, तू थांबतोस का.” काका अगदी शांतपणे बोलत होते, लपवाछपवी काही नव्हती. “तुझ्या जागी मी असतो, तर कुणाला तरी वर पिटाळलं असतं आणि बोलत राहिलो असतो. तू थांबलास. तिथेच मला कळलं, मी जिंकलो.”

काका गेल्यावर मी कप असा आदळला की त्याचा कान तुटला. “कसला माणूस म्हणायचा हा! तान्हं मूल रडत होतं आत! आणि तुम्ही चहा काय पाजताय त्याला!”

“चहा तू केलास,” हे म्हणाले.

“जाणार आहात तुम्ही? त्याने मिळवून दिलेल्या नोकरीवर?”

“नोकरी त्याची कुठे आहे? लिफ्टा आहेत त्या. दाराचा सांधा अजून तसाच आहे. पुन्हा अडकेल कुणीतरी.” एवढं बोलून हे उठले, पाना घेतला आणि आधी आमचा नळ दुरुस्त केला. मला रडू आलं. राग कुठला आणि माया कुठली, मला काही कळेना. एवढं मात्र कळत होतं की ह्या माणसाशी लग्न केल्याचा मला त्या घडीला फार अभिमान वाटत होता. मी तसं सांगितलंही. हे म्हणाले, “जरा बादली सरकव.”

सोमवारी संध्याकाळी मी आणि ठेंगणी कामावरून आलो, तर हे खाली लिफ्टजवळ उभे होते. कमरेला जुडगा, अंगात निळे तेलकट कपडे. पाळी सुटून माणसं आलेली, त्यामुळे लिफ्ट भरली. वेल्डर आमच्या इमारतीत बहिणीकडे आला होता, तोही होता. चौथ्या मजल्यावरचा तो मुलीचा नवराही होता. दार बंद झालं आणि सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मतदानानंतर पहिल्यांदाच सगळे ह्यांच्यासमोर आले होते. एरवी त्या लिफ्टमध्ये कोण बोलतंय ते कळत नाही इतका गोंगाट असतो. त्या दिवशी कुणाला आपल्या मजल्याचं बटण दाबायलाही हात पुढे करवेना, कारण बटणांजवळ हे उभे होते.

ह्यांनी कुणालाच विचारलं नाही. दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, आठवा अशी एकेक बटणं दाबली. कोण कुठे राहतो, हे ह्यांना विचारावं थोडंच लागतं!

दुसऱ्यावर वेल्डर उतरला. “येतो, मेकॅनिक,” म्हणाला. “या,” हे म्हणाले. चौथ्यावर मुलीचा नवरा उतरला, काहीतरी बोलायला वळला, पण दार बंद झालं. पाचव्यावर दोघे उतरले. सातव्यावर ठेंगणी उतरली. जाता जाता तिने माझा हात दाबला, ह्यांच्याकडे मात्र बघितलं नाही.

मग आम्ही दोघंच उरलो.

“काका म्हणाले ते खरं असेल का गं?” ह्यांनी दाराकडे बघतच विचारलं. “आणखी थोडा वेळ बोललो असतो तर?”

“खरं असेल.”

“म्हणजे भाषण चांगलं चाललं होतं.”

“फार चांगलं चाललं होतं,” मी म्हणाले. आणि ते काही मी बायको म्हणून बोलले नाही.

ह्यांनी मान हलवली. लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली. ह्यांनी बुटाचं टोक उंबऱ्यावरून फिरवून पाहिलं, लिफ्ट मजल्याला बरोबर आली आहे ना म्हणून. बरोबर आली होती. मग मला आधी बाहेर पडता यावं म्हणून दार धरून उभे राहिले.